सीमेपलीकडची माहिती, इथला पुरावा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

२६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला १० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतून दिल्लीत आणलं. तेव्हापासून परदेशी पोलीस आणि गुप्तचर यंत्रणा आपल्या पोलिसांना नेमकी कशी मदत करतात, याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (लातूर) : २६/११ च्या तपासात एफबीआयने मुंबई पोलिसांना मदत केली असं वाचलं. परदेशी यंत्रणेने दिलेली माहिती आपल्या कोर्टात चालते का?

गुप्तवार्ता म्हणून दिली असेल तर चालत नाही, साक्षीपुरावा म्हणून दिली असेल तर चालते. माहिती तीच असू शकते. ती कोणत्या वाटेने आली, यावर सगळं ठरतं.

एका देशाची गुप्तचर यंत्रणा दुसऱ्याच्या कानावर काही घालते तेव्हा अट ठरलेली असते. माहिती वापरा, पण ती आमच्याकडून आली हे कुठे येऊ देऊ नका, आणि आम्हाला विचारल्याशिवाय तिसऱ्याला देऊ नका. अशा माहितीवर पोलीस पाळत ठेवू शकतात, नाकाबंदी लावू शकतात, झडती घेऊन स्वतःचा पुरावा गोळा करू शकतात. तो कागद आरोपपत्राला जोडला, तर मात्र बचावाचा वकील पहिल्याच दिवशी विचारणार : हे कोणी ऐकलं, कसं ऐकलं, त्याला पिंजऱ्यात आणा. आणि तो माणूस कधीच येणार नसतो.

एफबीआयचा उपयोग होतो तो इथे. ही संस्था गुप्तवार्ताही गोळा करते आणि गुन्ह्याचा रीतसर तपासही करते. तिचे तज्ज्ञ कोर्टात साक्ष देऊ शकतात. सीआयएला पोलिसी अधिकार नाहीत. कसाबच्या खटल्यात एफबीआयच्या तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्या पुराव्याचा विचार झाला.

तो पुरावा कसला होता ते बघा. हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांच्यातलं फोनवरचं बोलणं महाराष्ट्र एटीएसने हल्ला चालू असतानाच ध्वनिमुद्रित केलं. आवाज हाती होता, पण पलीकडचा नंबर ऑस्ट्रियाचा दिसत होता. इंटरनेटवरून फोन करायची ती सोय न्यू जर्सीतल्या कॉलफोनेक्स या कंपनीची निघाली. कंपनीच्या नोंदी एफबीआयमार्फत मिळाल्या. खातं खरकसिंग या नावाने उघडलेलं होतं, आणि त्यात दोनदा पैसे भरलेले होते, एकदा २५० डॉलर आणि एकदा २२९ डॉलर. हे २२९ डॉलर हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातल्या पैसे पाठवण्याच्या दुकानातून भरले गेले होते. दुकान चालवणाऱ्यांना इटलीच्या पोलिसांनी नोव्हेंबर २००९ मध्ये पकडलं. हल्लेखोर ज्या 'कुबेर' बोटीने आले, तिच्यावर सापडलेल्या जीपीएस यंत्रात कराचीपासूनच्या प्रवासाचे टप्पे साठवलेले होते, ते एफबीआयच्या तज्ज्ञांनी बाहेर काढले. किनाऱ्यावर उतरायला वापरलेल्या रबरी होडीच्या यामाहा इंजिनाचा माग क्रमांकावरून पाकिस्तानपर्यंत लागला.

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. परदेशी तज्ज्ञाने यंत्र हातात घेण्याआधी मुंबईतल्या कुठल्यातरी अंमलदाराने पंचासमोर त्याचा पंचनामा केला, सील लावलं, मुद्देमाल नोंदवहीत क्रमांक टाकला आणि कोणी कधी ताब्यात घेतलं याची नोंद ठेवली. ही साखळी तुटली असती, तर जगातली सर्वात मोठी प्रयोगशाळासुद्धा ते इंजिन खटल्यात आणू शकली नसती.

प्रश्न (ठाणे) : मी सहायक पोलीस निरीक्षक आहे. परदेशातून पुरावा मागणारी विनंतीपत्रं त्रुटी लावून परत येतात, नाहीतर वर्ष-दोन वर्षं उत्तरच येत नाही. चुकतं कुठे?

बहुतेक वेळा मसुद्यात चुकतं. त्याआधी दोन वाटा वेगळ्या करून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६६-क) तपासी अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय परदेशी न्यायालयाला किंवा अधिकाऱ्याला विनंतीपत्र देतं. आपण त्याला 'एलआर' म्हणतो. दुसरी वाट 'एमलॅट'ची, म्हणजे परस्पर कायदेशीर साहाय्य कराराची. असे करार भारताने चाळीसहून जास्त देशांशी केले आहेत. अमेरिकेशी केलेला १७ ऑक्टोबर २००१ रोजी सहीचा झाला आणि ३ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. या वाटेने केंद्रीय गृह मंत्रालय मध्यवर्ती प्राधिकारी म्हणून विनंती पाठवतं. दोन्ही वाटांना कागद पोलीस ठाण्यातून वरिष्ठांकडे, अभियोग संचालनालयाच्या मताकडे, राज्याच्या गृह विभागाकडे आणि मग दिल्लीला जातो. एलआरसाठी न्यायालयात अर्ज करण्याआधी केंद्राची संमती घ्यायची असते. ती न घेता थेट कोर्टातून पत्र आणलं, तर ते दिल्लीत अडकतं.

आता वेळेचं गणित. अमेरिकी कंपनीकडची माहिती मसुदा फिरत असतानाच पुसली जाऊ शकते. म्हणून पहिल्याच दिवशी, एलआरचा विचारही सुरू होण्याआधी, माहिती गोठवून ठेवण्याची विनंती करा. अमेरिकी कायद्यानुसार ती ९० दिवस टिकते आणि आणखी ९० दिवसांनी वाढवता येते. मोठ्या कंपन्यांची पोलिसांसाठी वेगळी पोर्टलं आहेत, तिथे अधिकृत सरकारी ई-मेलवरूनच अर्ज घेतात. जी-७ देशांच्या चोवीस तासांच्या संपर्कजाळ्यात भारताचा संपर्कबिंदू सीबीआय आहे, तिथूनही गोठवण्याची विनंती जाते. ९०व्या दिवसाची तारीख केस डायरीत लाल शाईने लिहून ठेवा. मुदतवाढ मागायची राहिली म्हणून हातचा पुरावा गेला, असं फार वेळा होतं.

मसुद्यातल्या चुका सांगतो, गंभीर आधी.

पहिली चूक म्हणजे सरसकट मागणी. 'आरोपीच्या सर्व खात्यांची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहिलं की परदेशी अधिकारी फाइल बाजूला ठेवतो. त्याला हवा असतो दुवा. या खात्यात या तारखांना आलेले संदेश मिळाले, तर गुन्ह्यातली अमुक बाब सिद्ध होते, असा. अमेरिकेत ई-मेलचा मजकूर हवा असेल तर तिथल्या न्यायाधीशाकडून वॉरंट मिळवावं लागतं, आणि त्यासाठी गुन्हा घडल्याचा आणि पुरावा त्याच खात्यात असल्याचा सबळ आधार तारखांसह द्यावा लागतो. 'गुप्त माहितीदाराकडून समजलं' एवढ्याने भागत नाही. नुसतं नाव, नोंदणीचा फोन आणि लॉगिनच्या वेळा हव्या असतील, तर पायरी खालची आहे. पुष्कळदा तेवढ्यावर तपास पुढे सरकतो, आणि आमच्या मते आधी तेवढंच मागावं.

दुसरी चूक वेळेची. आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिला, वेळ दिली, पण ती कोणत्या घड्याळाची हे लिहिलं नाही. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी केलेलं लॉगिन कंपनीच्या नोंदीत दुपारी ४ वाजून १० मिनिटांचं असतं. पहाटे ३ चं असेल, तर तारीखच आदल्या दिवशीची. असा गोंधळ झाला की त्या पत्त्यावर त्या क्षणी असलेला भलताच माणूस समोर येतो. मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी पत्ता एका वेळी शेकडो ग्राहक वापरतात, म्हणून पोर्ट क्रमांकही लिहा. सेकंदासह वेळ, घड्याळ कोणतं, आयपी, पोर्ट हे सगळं एकाच ओळीत असावं.

तिसरी नावाची. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. तिकडच्या कारकुनाला तीनही नावंच वाटतात. पासपोर्टवर आहे तसंच स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि प्रचलित असलेली बाकीची स्पेलिंगं द्या.

चौथी, कलमांचे नुसते आकडे. '६१(२), ३१८(४)' याचा परदेशात काही अर्थ लागत नाही. कलमाचा पूर्ण मजकूर आणि कमाल शिक्षा जोडा. दोन्ही देशांत ते कृत्य गुन्हा आहे का, हेही बघितलं जातं. धार्मिक भावना दुखावल्याबद्दलच्या किंवा बदनामीच्या प्रकरणात अमेरिकेकडून मदत मिळणं जवळजवळ अशक्य, तिथल्या भाषणस्वातंत्र्याच्या कायद्यामुळे. अशा पत्रावर सहा महिने घालवू नका. किरकोळ रकमेच्या प्रकरणांतही नकार येतो.

शेवटची चूक उत्तर आल्यावर उघडी पडते. कंपनीने नोंदी पाठवल्या, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र नाही, हॅश मूल्य (नोंदींत फेरफार झालेला नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) नाही. मग सगळं पुन्हा मागवायचं. प्रमाणपत्राचा नमुना विनंतीपत्रालाच जोडावा आणि 'याच नमुन्यात सही करून द्यावं' असं स्पष्ट लिहावं. अनुवाद लागणाऱ्या देशासाठी कायद्याची भाषा जाणणारा अनुवादक घ्या. मराठी पंचनाम्याचा आधी इंग्रजी आणि मग त्यावरून तिसऱ्या भाषेत अनुवाद झाला, की 'जप्त' आणि 'हजर केलं' यांतला फरक वाटेतच हरवतो.

प्रश्न (कोल्हापूर) : परदेशी यंत्रणेचा अधिकारी थेट माझ्या घरी चौकशीला येऊ शकतो का?

अधिकार म्हणून नाही. भारतीय भूमीवर परदेशी पोलिसाला समन्स देता येत नाही, झडती घेता येत नाही, अटक तर दूरच. एफबीआयचे अधिकारी दिल्लीच्या दूतावासात असतात, त्यांचं काम संपर्क ठेवण्याचं. चौकशी हवी असेल तर त्यांच्या देशाची विनंती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११३ च्या वाटेने येते आणि चौकशी आपले पोलीस किंवा न्यायालय करतं. परदेशी अधिकारी परवानगीने हजर राहू शकतो. कोणी परस्पर फोन करून 'मी अमुक देशाच्या पोलिसातून बोलतोय, व्हिडिओ कॉलवर थांबा' म्हणाला, तर तो ठग आहे. फोन ठेवा आणि १९३० वर कळवा.

प्रश्न (रत्नागिरी) : २६/११ च्या खटल्यासाठी पाकिस्तानचं पथक मुंबईत येऊन गेलं होतं ना? त्याचं पुढे काय झालं?

हे प्रकरण प्रत्येक सरकारी वकिलाने वाचावं असं आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात प्रत्यार्पणाचा द्विपक्षीय करार नाही आणि गुन्हेगारी प्रकरणांत साहाय्याचाही नाही. जे होतं ते त्या त्या प्रकरणापुरत्या तडजोडीवर. हल्ल्यानंतर भारताने जानेवारी २००९ मध्ये पुराव्यांचं दस्तऐवज पाकिस्तानला दिलं. कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचं पाकिस्तानने फेब्रुवारीत मान्य केलं आणि तिथे खटला सुरू झाला.

त्या खटल्यासाठी मार्च २०१२ मध्ये पाकिस्तानचं न्यायिक आयोग मुंबईत आलं. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, मुख्य तपासी अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर यांचे जबाब नोंदवले गेले. पण दोन सरकारांत ठरलेल्या अटींनुसार पाकिस्तानातल्या आरोपींच्या वकिलांना उलटतपासणी करता येणार नव्हती. जबाब घेऊन आयोग परत गेलं. जुलै २०१२ मध्ये तिथल्या दहशतवादविरोधी न्यायालयाने अहवाल बाजूला ठेवला, कारण उलटतपासणी न झालेला जबाब म्हणजे पुरावा नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ते न्यायालय बरोबरच होतं. आपल्याकडेही तसा जबाब टिकला नसता.

मग सप्टेंबर २०१३ मध्ये दुसरं आयोग आलं. त्याच साक्षीदारांना पुन्हा बोलावलं आणि या वेळी उलटतपासणी झाली. करारातल्या एका वाक्यापायी दीड वर्ष गेलं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी ते दीड वर्ष कसं काढलं असेल याचा विचार अटी लिहिणाऱ्यांनी करायला हवा होता.

पठाणकोटचं प्रकरण याहून अवघड. जानेवारी २०१६ मधल्या हवाई तळावरच्या हल्ल्यानंतर मार्च अखेरीस पाकिस्तानचं पाच जणांचं संयुक्त तपास पथक भारतात आलं, आणि त्यात आयएसआयचा एक लष्करी अधिकारी होता. त्याला तळावर न्यावं का, यावर देशात मोठा वाद झाला. तळाचा ठरावीक भागच त्यांना दाखवला, बाकीचा झाकून घेतला. एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेने, पुरावे समोर ठेवले. एनआयएला पाकिस्तानात जायची परवानगी मात्र कधीच मिळाली नाही. पथकाला येऊ दिलं ही चूक होती असं आम्हाला वाटत नाही. परतभेटीच्या तारखा आधी लेखी घेतल्या नाहीत, ही चूक होती.

प्रश्न (नागपूर) : राणाला आणलं, मग हेडलीला का नाही? तो तर मोठा आरोपी.

हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोच्या विमानतळावर पकडला गेला. मार्च २०१० मध्ये त्याने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. त्या कबुलीच्या करारात, तो तपासाला सहकार्य करत राहिला तर त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कला सोपवणार नाही, असं अमेरिकी सरकारने लिहून दिलं. भारतीयांना याचा राग आला, तो साहजिकच होता. पण त्याच करारामुळे त्याने बोलणं भाग होतं, आणि त्याच्या बोलण्याचा प्रवास मुद्दाम बघण्यासारखा आहे.

जून २०१० मध्ये एनआयएच्या पथकाने शिकागोत त्याला सुमारे ३४ तास प्रश्न विचारले. त्याचे वकील आणि अमेरिकी सरकारी वकील शेजारी बसलेले होते. मुंबईत कोणत्या जागांचं चित्रीकरण केलं, कोणाला भेटला, सगळं निघालं. तपासाला दिशा मिळाली, पण कोर्टात त्या ३४ तासांचं मोल फार थोडं होतं. शपथ नव्हती, न्यायाधीश नव्हते, आणि ज्यांच्याविरुद्ध तो बोलत होता त्यांच्या वकिलाला प्रश्न विचारता आलेला नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतून दूरदृश्य प्रणालीवर त्याची साक्ष झाली आणि मार्चमध्ये बचावाच्या वकिलाने उलटतपासणी घेतली. खटला होता बीडच्या गेवराईच्या झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदालवर, ज्याला जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने भारतात पाठवलं होतं. माणूस तोच, माहिती बरीचशी तीच. ती पुरावा व्हायला पावणेसहा वर्षं लागली.

राणाने करार केला नाही, खटला लढवला. जून २०११ मध्ये अमेरिकी ज्युरीने त्याला मुंबई हल्ल्याच्या कटातून सोडलं, मात्र लष्कर-ए-तैयबाला साहाय्य आणि डेन्मार्कमधल्या वृत्तपत्रावर हल्ल्याचा कट यांसाठी दोषी धरलं. १४ वर्षांची शिक्षा झाली. जून २०२० मध्ये तुरुंगातून सुटताच भारताच्या विनंतीवरून त्याला पुन्हा अटक झाली. त्याचा मुख्य बचाव हा, की एकाच कृत्यासाठी दोनदा खटला नको. अपील न्यायालयाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सांगितलं, की भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारातला 'गुन्हा' हा शब्द कायद्यातल्या घटकांवरून वाचायचा, घडलेल्या प्रसंगावरून नव्हे. भारताने लावलेल्या गुन्ह्यांचे घटक वेगळे होते. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज घेतला नाही. म्हणजे आरोपपत्रात कलमं निवडताना कोणीतरी नीट विचार केला होता, त्याचं फळ तेरा-चौदा वर्षांनी मिळालं.

प्रश्न (मिरा रोड) : रेड कॉर्नर नोटीस निघाली म्हणजे जगात कुठेही अटक होते का?

नाही. रेड नोटीस म्हणजे सदस्य देशांना केलेली विनंती : हा माणूस दिसला तर शोधा आणि प्रत्यार्पण होईपर्यंत तात्पुरता रोखा. रोखायचं की नाही ते तो देश आपल्या कायद्याने ठरवतो. अमेरिकेत केवळ नोटिशीवर अटक होत नाही.

नोटीस काढायला पकड वॉरंट लागतं, आणि गुन्ह्याची कमाल शिक्षा किमान दोन वर्षं असावी लागते. राज्य पोलिसांची विनंती सीबीआयमार्फत ल्यों शहरातल्या इंटरपोल मुख्यालयात जाते. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी 'भारतपोल' पोर्टल आहे, त्यामुळे पत्रं आणि फॅक्स यांत जाणारा वेळ वाचतो. इंटरपोलच्या घटनेचं कलम ३ राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात हात घालायला मनाई करतं. डिसेंबर २०१७ मध्ये धर्मोपदेशक झाकीर नाईकविरुद्धची विनंती फेटाळली गेली, तेव्हा विनंती गेली त्या वेळी आरोपपत्र दाखल नव्हतं, असं एनआयएनेच सांगितलं होतं. घाईने पाठवलेली विनंती आरोपीच्या हातात 'इंटरपोलने मला निर्दोष ठरवलं' असा कागद देते. तो कागद खरा नसला तरी वर्षानुवर्षं फिरतो.

ठावठिकाणा काढायचा असेल तर निळी नोटीस पुरते. बेपत्ता माणसासाठी पिवळी, ओळख न पटलेल्या मृतदेहासाठी काळी.

प्रश्न (सोलापूर) : छोटा राजन दहा-बारा दिवसांत आला, अबू सालेमला तीन वर्षं लागली. असं का?

राजनला इंडोनेशियाने हद्दपार केलं, सालेमचं पोर्तुगालमधून प्रत्यार्पण झालं. हद्दपारी हा त्या देशाचा स्वतःचा निर्णय असतो : खोट्या पासपोर्टवर आलात, चालते व्हा. राजन २५ ऑक्टोबर २०१५ रोजी बालीच्या विमानतळावर ऑस्ट्रेलियाकडून आलेल्या माहितीवरून पकडला गेला आणि ६ नोव्हेंबरला दिल्लीत उतरला. २००२-०३ मध्ये दुबईने बऱ्याच जणांना असंच पाठवलं.

सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालशी तेव्हा करार नव्हता, आणि तिथे फाशीही नाही, जन्मठेपही नाही. भारत सरकारने डिसेंबर २००२ मध्ये लेखी हमी दिली : फाशी नाही, २५ वर्षांहून जास्त तुरुंग नाही. तो नोव्हेंबर २००५ मध्ये आला. नंतर प्रत्यार्पणाच्या आदेशात नसलेली कलमं इथे लावली म्हणून पोर्तुगालच्या न्यायालयांनी अटभंग झाल्याचं म्हटलं, आणि काही आरोप मागे घ्यावे लागले. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की २५ वर्षं पूर्ण झाल्यावर सरकारने हमी पाळायचीच आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत माणसं गमावलेल्यांना हे कडू वाटतं आणि आम्हाला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. पण शब्द मोडला, तर पुढचा आरोपी कुठलाच देश देणार नाही.

प्रश्न (अलिबाग) : २६/११ च्या आधी परदेशातून इशारे आले होते म्हणतात. मग ते वाया का गेले?

इशारे होते. समुद्रमार्गाचा आणि मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांचा उल्लेख त्यांत होता. नव्हतं ते तारीख, बोटीचं नाव आणि उतरण्याची जागा. याचं एक कारण गुप्तवार्ता फिरण्याच्या पद्धतीत आहे. पाठवणारा देश स्रोत ओळखू येईल असा तपशील गाळतो, आपली केंद्रीय यंत्रणा आणखी गाळते, आणि ठाण्यापर्यंत येईतो उरतं 'समुद्रमार्गे हल्ल्याची शक्यता, दक्षता घ्यावी'. जो तपशील गाळला, तोच किनाऱ्यावरच्या शिपायाला हवा असतो. अशा सूचना महिन्यामागून महिने येत राहिल्या की 'पुढील कार्यवाहीसाठी रवाना' असा शेरा मारून फाइल सरकते. राज्य सरकारने नेमलेल्या प्रधान समितीनेही इशारे हाताळण्यातल्या त्रुटींवर बोट ठेवलं.

त्यानंतर केंद्रीय गुप्तवार्ता विभागातलं (आयबी), यंत्रणांनी एकमेकांना माहिती द्यायचं मल्टी एजन्सी सेंटर चोवीस तास चालू झालं, राज्याराज्यांत त्याच्या शाखा जोडल्या, सागरी पोलीस ठाणी वाढली. कमी आहे ती उलट प्रवासाची. ठाण्याने सूचनेवर काय केलं आणि काय सापडलं हे वर कळवलं, तरच वरचा अधिकारी मूळ देशाकडे नेमका पुढचा प्रश्न विचारू शकतो. तुमच्या भागातल्या मच्छीमारांना अनोळखी बोट, दिवा न लावता थांबलेली होडी किंवा नंबर खोडलेलं इंजिन दिसलं, तर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आहेत. वेळ, जागा आणि बोट कोणत्या दिशेने गेली, एवढं सांगितलं तरी पुरतं.

प्रश्न (शारजा) : माझ्याच नावाच्या कुणा माणसामुळे दोनदा विमानतळावर थांबवून ठेवलं. इंटरपोलकडे माझी नोंद आहे का, हे कसं कळेल?

इंटरपोलच्या संकेतस्थळावर नाव शोधा, पण तिथे सगळ्या नोटिसा जाहीर नसतात. खात्री करायची तर इंटरपोलच्या फायली तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगाकडे अर्ज करा. शुल्क नाही. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबीत हवा, सहीचा हवा, सोबत ओळखपत्राची प्रत हवी. मराठी कागद असतील तर अनुवाद जोडा. अर्ज दाखल करून घेतल्यापासून माहिती मागण्याच्या अर्जावर चार महिन्यांत आणि नोंद दुरुस्त करण्याच्या किंवा काढण्याच्या अर्जावर नऊ महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो.

नोंद तुमची नसून नावबंधूची असेल, तर पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि आईवडिलांची पूर्ण नावं देऊन तुम्ही तो नव्हे हे लेखी मागून घ्या. प्रवासात ते पत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो तिथे ग्राह्य धरतीलच असं नाही. थांबवलं त्या दोन्ही वेळांच्या तारखा, विमानाचा क्रमांक आणि कोणत्या खिडकीवर थांबवलं हे आजच लिहून ठेवा, अर्जात ते विचारलं जाऊ शकतं.